घरून ई-जर्नल्स उघडताना: जुनं व्हीपीएन, नवं लॉगिन आणि गावी जाण्याआधीची तयारी

दिवाळीची सुट्टी लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आमच्या ग्रंथालयाच्या मेलवर एकाच धर्तीचे मेल यायला लागतात. "मॅडम, कॅम्पसवर उघडत होता तोच पेपर गावी उघडत नाही, चाळीस डॉलर मागतोय." लिहिणारे बहुतेक वेळा एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे किंवा नुकतेच पीएच.डी.ला लागलेले असतात. अलीकडे त्यात आणखी एका वाक्याची भर पडली आहे: "सीनियरनं व्हीपीएन टाकून दिलं होतं, तेही आता चालत नाही."

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ई-रिसोर्सेसच्या टेबलावर बसते. या प्रश्नांची उत्तरं एकेकाला देऊन झाली, आता सलग लिहून काढते. यातली निम्मी कामं कॅम्पसवर असताना केली तर दहा-पंधरा मिनिटांची आहेत. गावी गेल्यावर तीच चार-चार दिवस खातात.

नेमकं बदललं काय

जर्नलच्या साइटला आजवर एकच गोष्ट कळायची: तुम्ही कुठून आलात. इंटरनेटवर प्रत्येक नेटवर्कला पत्ता असतो, आयपी अ‍ॅड्रेस. विद्यापीठानं वर्गणी भरली की आपले पत्ते प्रकाशकाला कळवायचे. त्या पत्त्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला दार उघडं. वाचणारा प्राध्यापक आहे, विद्यार्थी आहे की वाचनकक्षात आलेला पाहुणा, हे साइट विचारायची नाही. म्हणून तर हॉस्टेलच्या वायफायवर उघडलेला पेपर गेटबाहेर चहाच्या टपरीवर, मोबाइल डेटा सुरू झाला की, बंद व्हायचा.

घरी बसलेल्यांसाठी यावर उपाय होता व्हीपीएन. तुमच्या लॅपटॉपपासून विद्यापीठाच्या सर्व्हरपर्यंत एक बंदिस्त बोगदा. तुम्ही सांगोल्यात असा की सावंतवाडीत, प्रकाशकाला दिसणार विद्यापीठाचाच पत्ता. पद्धत चांगली होती, पण ती मोजक्या लोकांसाठी बेतलेली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एरवी मूठभर प्राध्यापक वापरायचे त्या दारावर सगळं विद्यापीठ येऊन उभं राहिलं. एका वेळी किती जणांना जोडता येईल याला मर्यादा असते. ती भरली की पुढच्याला नुसतं गोल फिरणारं चक्र दिसत राहतं.

शिवाय बऱ्याच ठिकाणी पीपीटीपी नावाचा जुना प्रकार चालू होता. फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये तो आयता असायचा, वेगळं काही टाकावं लागत नसे, म्हणून लोकप्रिय. पण त्यातली पासवर्ड तपासण्याची पद्धत मोडता येते हे २०१२ मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं आणि अ‍ॅपलनं २०१६ मध्ये आयफोन व मॅकमधून तो काढूनच टाकला. सीनियरनं दिलेली सेटिंग्ज या जातीची असतील तर ती दुरुस्त करत बसू नका. सरळ डिलीट करा.

आता साइट विचारते: तुम्ही कोण आहात? त्यासाठी भारतात इन्फेड ही व्यवस्था आहे. ती गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र चालवतं, तेच केंद्र जे शोधगंगा हे पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन भांडार चालवतं. प्रकाशक तुम्हाला तुमच्या संस्थेच्या लॉगिन पानाकडे पाठवतो, तिथं ओळख पटते आणि संस्था प्रकाशकाला कळवते की हा माणूस आमचा आहे. तुमचा पासवर्ड प्रकाशकापर्यंत पोचतच नाही. मला या पद्धतीतली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

ज्या सॉफ्टवेअरवर हे चालतं त्याचं नाव शिबोलेथ. हा मूळचा हिब्रू शब्द, अर्थ धान्याचं कणीस. बायबलमधल्या एका कथेत नदीच्या उतारावरचे पहारेकरी येणाऱ्याला हा शब्द म्हणायला लावतात. शत्रूच्या टोळीतल्या लोकांना त्यातला 'श' म्हणता येत नसतो, आणि त्यावरून माणूस ओळखला जातो. आपल्याकडे 'नारळ' म्हणायला लावून ओळखावं तसं, फक्त त्या कथेत ही परीक्षा जीवघेणी होती.

बदलाला जोर आला तो 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्था, आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पूर्वी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी भरायचं. गेली कित्येक वर्षं विद्यार्थ्याला "हे जर्नल आपल्याकडे नाही" असं सांगताना मला वाईट वाटायचं, कारण तेच जर्नल पवईच्या आयआयटीत असायचं. आता ते तुमच्याही हक्काचं असू शकतं, आणि निव्वळ लॉगिन जमलं नाही म्हणून ते हातचं जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

तुमची संस्था या योजनेत आहे का, हे ग्रंथालयात विचारून घ्या. पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्था घेतल्या आहेत. आणखी एक गैरसमज इथंच काढून टाकते: संलग्न महाविद्यालयाचा विद्यार्थी आपोआप विद्यापीठाचा वापरकर्ता होत नाही. प्रवेश महाविद्यालयात असेल तर खातं महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडूनच मिळेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात खेटे घालून उपयोग नाही.

गावी जाण्याआधी

पहिलं काम, संस्थेचा मेल आयडी सुरू आहे का ते बघा. प्रवेशाच्या वेळी मिळतो, कागदात राहून जातो, आणि त्याचा पासवर्ड कुणी बदललेलाच नसतो. पुढचं सगळं या मेलवर येणार आहे. जीमेलवर खातं उघडून द्या, असं बरेच जण म्हणतात. ती व्यक्ती संस्थेचीच आहे हे आम्ही कशावरून ठरवायचं?

मग इन्फेडचं खातं. काही संस्थांनी स्वतःची लॉगिन यंत्रणा जोडली आहे, तिथं मेलचाच आयडी-पासवर्ड चालतो. बाकी ठिकाणी ग्रंथालय तुमचं खातं तयार करतं किंवा तुम्ही भरलेला अर्ज मंजूर करतं. अर्जात नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, आणि विभाग, वर्ग, अभ्यासक्रम संपण्याची तारीख नीट भरा. या तारखेकडे कुणी बघत नाही. पीएच.डी.ला मुदतवाढ मिळते, ती विभागाच्या फाइलमध्ये लागते आणि खात्यावर जुनीच तारीख राहते. मग ऐन प्रबंध लिहिताना खातं बंद पडतं. मुदतवाढीचं पत्र हातात पडलं की त्याची एक प्रत ग्रंथालयाला द्यायची सवय ठेवा.

तिसरं काम सगळ्यात मोलाचं, आणि तेच लोक टाळतात. कॅम्पसवर असतानाच 'घरी आहोत' असं समजून लॉगिन करून बघा. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, त्याचा हॉटस्पॉट लॅपटॉपला द्या. आता तुम्ही विद्यापीठाच्या आवारात बसून नेटवर्कच्या दृष्टीनं बाहेर आहात. या स्थितीत एखादा पेपर उघडून पीडीएफ उतरवून बघा. जमलं तर गावीही जमेल. नाही जमलं तर जिना उतरून आमच्या टेबलापाशी या, समोरासमोर पाच मिनिटांत सुटतं. कॅम्पसच्या वायफायवर "मॅडम, चालतंय की" म्हणून निघून जाणाऱ्यांचेच मेल मला सुट्टीत येतात, कारण तिथं लॉगिनची गरजच पडलेली नसते. जुन्या पत्त्याच्या जोरावर पेपर उघडलेला असतो.

लॉगिन करताना

पेपरच्या पानावर 'अ‍ॅक्सेस थ्रू युवर इन्स्टिट्यूशन', 'इन्स्टिट्यूशनल लॉगिन' किंवा 'साइन इन व्हाया शिबोलेथ' अशा शब्दांची लिंक असते. शेजारीच नुसतं 'साइन इन' असतं. ते नाही! ते तुमच्या वैयक्तिक खात्याचं. नवख्यांची सर्वांत जास्त गफलत इथं होते: स्वतःचा मेल घालून साइटवर खातं उघडतात, वर नाव झळकतं, आणि "लॉगिन झालंय पण पेपर उघडत नाही" असा मेल येतो. खूण सोपी आहे. लॉगिन बरोबर झालं असेल तर पानावर, बहुधा वरच्या बाजूला, तुमच्या संस्थेचं नाव दिसतं. स्वतःचं नाव दिसून उपयोग नाही, संस्थेचं दिसलं पाहिजे.

काही साइट आधी फेडरेशन, म्हणजे तुमची संस्था लॉगिनच्या कोणत्या सामायिक व्यवस्थेत आहे, ते विचारतात, तिथं इन्फेड किंवा 'इंडियन अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट फेडरेशन' निवडा. मग संस्था शोधायची, आणि इथं आपल्या महाराष्ट्राची एक खास अडचण आहे. आपण बोलताना पुणे विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ, जळगाव, सोलापूर म्हणतो. यादीत नाव बहुतेक वेळा अधिकृत असतं, आणि आपली अधिकृत नावं लांब आहेत: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. सुरुवातीपासून टंकायला गेलात की कवयित्री, पुण्यश्लोक यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्येच अडकाल. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नावात आधी 'डॉ.' आहे, त्यानंतरचा पूर्णविराम आणि मोकळी जागा हीसुद्धा भानगड होते. म्हणून नावातला एकच ठळक शब्द टाका: फुले, तुकडोजी, होळकर, मराठवाडा. जमलं नाही तर नुसतं शहर. यादी खाली सरकवत शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

संस्था निवडली की लॉगिनचं पान येईल. आयडी-पासवर्ड घाला, 'कन्सेंट' विचारलं तर वाचून होकार द्या, आणि पान आपोआप परत पेपरवर येईपर्यंत थांबा. मध्ये दोन-तीनदा पान पांढरं होतं. त्या क्षणी बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका, कारण साइट आणि संस्था यांच्यात चिठ्ठ्यांची देवाणघेवाण चालू असते, आणि एक चिठ्ठी हुकली की एरर येते. याच कारणानं लॉगिनचं पान बुकमार्क करून ठेवू नका. ती चिठ्ठी त्या वेळेपुरतीच असते, दुसऱ्या दिवशी शिळी होते. बुकमार्क करायचाच तर जर्नलचं मुखपृष्ठ करा.

चुकून दुसरी संस्था निवडली गेली, तर ब्राउझर ती लक्षात ठेवतो आणि दरवेळी तिकडेच नेतो. त्या साइटच्या कुकीज पुसा, किंवा प्रायव्हेट विंडो उघडून पहिल्यापासून करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पेपरची लिंक तिथल्या तिथं न उघडता कॉपी करून नेहमीच्या ब्राउझरमध्ये टाका. एवढ्यानंही बरेच प्रश्न मिटतात.

सगळं बरोबर असूनही एखादा पेपर उघडत नाही, असंही होतं. ते जर्नल योजनेत नसेल, किंवा असलं तरी फार जुने अंक वर्गणीत नसतील. त्याच जर्नलचा ताजा अंक उघडून बघा. तो उघडला तर तुमचं लॉगिन ठीक आहे, अडचण त्या अंकाची आहे, आणि तो पेपर कसा मिळवायचा ते आम्ही बघू.

मग व्हीपीएन कशाला?

जर्नलसाठी त्याची गरज आता क्वचितच पडते. पण विद्यापीठाच्या आतल्या गोष्टी आतच असतात: विभागाचा सर्व्हर, संगणन केंद्राचं क्लस्टर (मोठ्या गणितासाठी जोडलेले अनेक संगणक), ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कॅम्पसच्या नेटवर्कवर तपासलं जातं ते. त्यांच्यापर्यंत पोचायला बोगदा लागतोच. तुमचं काम यातलं नसेल तर हा भाग सोडून द्या, व्हीपीएनसाठी अर्जही करू नका.

ज्यांना लागतं त्यांनी क्लायंट सॉफ्टवेअर विद्यापीठाच्या संगणक केंद्राच्या पानावरून किंवा त्यांनी सांगितलेल्या जागेवरूनच घ्यावं. प्ले स्टोअरवर 'फ्री व्हीपीएन' शोधून काही टाकू नका. ती तुमची सगळी वाहतूक भलत्याच कुणाच्या सर्व्हरवरून नेतात, आणि विद्यापीठाशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. आधीच फोनवर असेल तर जर्नलच्या लॉगिनच्या वेळीही ते बंद ठेवा. तुम्ही परभणीत आणि पत्ता परदेशातला, असं दिसलं की साइट बिचकते.

नव्या व्हीपीएनमध्ये पासवर्डनंतर फोनमधल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा सहा आकडी कोड बहुतेक ठिकाणी मागतात. तो साधारण ३० सेकंदांनी बदलतो आणि वेळेवरून ठरतो. फोनचं घड्याळ हातानं लावलेलं असेल आणि मागे-पुढे असेल तर बरोबर कोडही चुकीचा ठरतो, म्हणून तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. या कोडसाठी नेटवर्क लागत नाही, त्यामुळे घरात रेंज नसली तरी बिघडत नाही. सेटअपच्या वेळी बॅकअप कोड मिळतात. ते वहीत लिहून ठेवा. फोन विहिरीत पडला, चोरीला गेला, किंवा भावाला देऊन नवा घेतला, की ती वही कामाला येते.

परदेशी शिकणाऱ्या आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "एज्युरोम आहे की, मग घरून का नाही चालत?" एज्युरोम हे वायफाय आहे. दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात गेलात तर तिथलं वायफाय आपल्या संस्थेच्या आयडीनं मिळतं, एवढंच त्याचं काम. घरातून जर्नल उघडायला तिकडेही संस्थेचं लॉगिन किंवा व्हीपीएनच लागतं.

पासवर्ड कुणाला देऊ नका

हे सगळेच सांगतात, म्हणून कुणी ऐकत नाही. मी पाहिलेलं सांगते. एका प्रयोगशाळेत एकच खातं सगळे मिळून वापरायचे, पासवर्ड फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेला. एकानं रात्री डाउनलोडचं टूल लावलं आणि एका जर्नलचे अंकच्या अंक उतरवायला घेतले. सकाळी प्रकाशकानं आमच्या आख्ख्या कॅम्पसचं दार बंद केलं होतं. त्या आठवड्यात प्रबंध सादर करायचे होते. एक मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहून रडली. तिनं काहीच केलेलं नव्हतं. दोन दिवस प्रकाशकाशी पत्रव्यवहार करून दार उघडलं. व्यक्तिगत लॉगिनमुळे आता निदान कुणाचं खातं होतं ते कळतं, आणि बंद करायचं तर ते एकच करता येतं. पण तुमचा पासवर्ड मित्रानं वापरला तर ते खातं तुमचं असेल.

व्यवस्था बदलते त्या काळात फसवणुकीचे मेलही वाढतात. "तुमचं ग्रंथालय खातं बंद होत आहे, इथं लॉगिन करा" हा त्यांचा आवडता मजकूर. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं नऊ इराणी व्यक्तींवर आरोपपत्र ठेवलं. आरोप असा की त्यांनी अशा मेलमधून प्राध्यापकांचे पासवर्ड मिळवून अमेरिकेतल्या १४४ आणि इतर २१ देशांतल्या १७६ विद्यापीठांमधून ३१.५ टेराबाइट मजकूर चोरला. ग्रंथालयाच्या खोट्या लॉगिन पानांचा वापर तेव्हापासून थांबलेला नाही. दिसायला पान हुबेहूब असतं, फक्त वरच्या पट्टीतला पत्ता वेगळा असतो. म्हणून मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करायचंच नाही. विद्यापीठाचं पान स्वतः उघडायचं आणि तिथून जायचं.

अडलात तर

खातं दुरुस्त होईपर्यंत हात बांधून बसू नका. शोधगंगेवरचे प्रबंध सर्वांना खुले आहेत, त्यांच्या संदर्भसूचीवरून अर्धी वाट सापडते. पेपरच्या लेखकाला नम्र मेल लिहिला तर बरेचदा तेच पीडीएफ पाठवतात.

आणि आम्हाला मेल लिहिताना "व्हीपीएन चालत नाही, अर्जंट" एवढंच लिहू नका. त्यावरून आम्हाला काहीच समजत नाही, आम्ही चार प्रश्न विचारतो, तुम्ही दुसऱ्या दिवशी बघता, असे तीन दिवस जातात. असं लिहा:

"मी अमुक विभागात एम.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे, नोंदणी क्रमांक अमुक. काल रात्री नऊच्या सुमारास घरून, मोबाइल हॉटस्पॉटवरून, लॅपटॉपच्या क्रोममध्ये सोबतच्या लिंकवरचा पेपर उघडत होतो. संस्थेची निवड झाली, लॉगिनचं पान आलं, पासवर्ड घातल्यावर सोबतच्या स्क्रीनशॉटमधली एरर आली. प्रायव्हेट विंडोमध्येही तेच झालं. दुसऱ्या प्रकाशकाच्या साइटवर मात्र लॉगिन होतं."

पासवर्ड लिहू नका, आम्हाला तो कधीच लागत नाही. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा काढा, वरची पत्त्याची पट्टी आणि घड्याळातली वेळ दिसू द्या. पुष्कळ मुलं एररचा लाल चौकोन तेवढा कापून पाठवतात, आणि आमचं उत्तर नेमकं त्या कापलेल्या पट्टीत असतं.